मला ठाऊक नाही

काही महिन्यांपूर्वी माझ्या पुतण्याने घरी एक कोरियन चित्रपट लावला. रात्रीची जेवणे आटोपली होती, बाहेर पाऊस होता, आणि आम्ही घरातली पाच-सहा माणसे सहज म्हणून बसलो. भाषा कोणालाच येत नव्हती. खाली इंग्रजी अक्षरे उमटत होती तेवढाच आधार. तरी दोन तास कोणी जागचे उठले नाही. चित्रपट संपला, दिवा लागला आणि माझ्या धाकट्या वहिनींनी पहिला प्रश्न केला, "पण मग खुनी कोण, ते सांगितलंच नाही की रे!"

पुतण्या म्हणाला, "सांगायला त्यांनाच ठाऊक नव्हतं, आई."

"मग काढायचा कशाला चित्रपट?"

सगळे हसले. मीही हसलो. परंतु अंथरुणावर पडल्यावर माझ्या ध्यानात आले की वहिनींचा प्रश्न हा चित्रपटाविषयीचा प्रश्नच नव्हे. ती मनुष्यस्वभावाची एक फार जुनी मागणी आहे. अपराध झाला आहे. तेव्हा अपराधी दाखवा. प्रेत समोर पडले असताना 'ठाऊक नाही' हे उत्तर आपल्याला चालत नाही. ते उत्तर देणाऱ्याला आपण नालायक म्हणतो, क्वचित भ्याडही म्हणतो. आणि ज्याच्या हाती सत्ता आहे अशा माणसाने हे उत्तर देण्याचे नाकारले म्हणजे काय होते, याचा विचार मात्र सहसा करीत नाही. तो विचार मला करावासा वाटतो. त्याला आणखी एक खाजगी कारण आहे. ते पुढे येईल.

*

चित्रपटाचे नाव 'मेमरीज ऑफ मर्डर', म्हणजे 'खुनांच्या आठवणी'. तो 2003 साली दक्षिण कोरियात प्रदर्शित झाला. दिग्दर्शक बोंग जून-हो. पुढे 2020 साली 'पॅरासाइट' या चित्रपटासाठी ऑस्करचा मान मिळाल्याने हे नाव आपल्याकडेही पुष्कळांना ठाऊक झाले आहे. कथा कल्पित असली तरी तिच्या मुळाशी खरी घटना आहे. सेऊलच्या दक्षिणेस ह्वासोंग नावाचा शेतीभातीचा मुलूख आहे. 1986 ते 1991 या पाच वर्षांत तेथे दहा स्त्रिया व मुली अत्याचार करून मारल्या गेल्या. पोलिसांनी वीस हजारांहून अधिक माणसांची चौकशी केली. खुनी सापडला नाही.

चित्रपट उघडतो तो पिकलेल्या भाताच्या शेतात. ऊन सोन्यासारखे पडले आहे. शेताच्या कडेला पाण्याची एक मोरी आहे. तिच्यावरच्या फरशीखाली गावचा फौजदार पार्क दू-मान वाकून पाहतो आणि आत त्याला प्रेत दिसते. हा पार्क साधा, रांगडा, अर्धशिक्षित माणूस आहे. त्याचा एक अभिमान आहे: माणसाच्या डोळ्यांत डोळे घालून पाहिले की अपराधी कोण ते आपल्याला कळते. एकदा त्याचा वरिष्ठ त्याची परीक्षा पाहतो. चौकीत दोन तरुण शेजारी शेजारी बसले आहेत. एकाने बलात्कार केला आहे, दुसरा त्या पीडित मुलीचा भाऊ आहे आणि त्याने पहिल्याला पकडून आणले आहे. सांग पाहू, यांतला अपराधी कोणता? पार्क टक लावून पाहतो. प्रेक्षकही पाहतो. आणि दिग्दर्शक उत्तर न देताच पुढे जातो.

मला वाटते, सारा चित्रपट या एका प्रसंगात आहे. दोन्ही चेहरे रागाने व शरमेने सारखेच काळवंडलेले आहेत. चेहऱ्यावर दुःख लिहिलेले असते, भीती लिहिलेली असते. अपराध लिहिलेला नसतो.

पार्कचा सोबती चो याचे तत्त्वज्ञान त्याहून सोपे आहे. संशयिताला लाथा घालण्यापूर्वी तो आपल्या बुटावर कापडाची खोळ चढवितो, म्हणजे वळ उठू नयेत. या दोघांनी मिळून एका मतिमंद मुलाला धरले आहे. त्याच्या बुटाचा ठसा हे स्वतःच चिखलात उमटवितात, कबुलीजबाब त्याच्याकडून घोकून घेतात. या अंधारात सेऊलहून सो ते-यून नावाचा दुसरा फौजदार येतो. हा शिकलेला, अबोल, कागदपत्रे वाचणारा. कागद खोटे बोलत नाहीत, अशी त्याची श्रद्धा आहे. तो दाखवून देतो की या मुलाच्या अधू बोटांनी असल्या गाठी मारताच येणार नाहीत. दुसरा एक संशयित धरला जातो, उलटा टांगला जातो, तोही वाटेल ते कबूल करतो; सो एका वाचलेल्या बाईला शोधून काढतो. ती सांगते, त्या माणसाचे हात मऊ होते. या संशयिताचे हात खाणीत दगड वाहून राठ झालेले आहेत. तोही सुटतो.

येथवर आपण निश्चिंत असतो. आपल्याला वाटते, ही रानटीपणा विरुद्ध बुद्धी अशी कथा आहे आणि शेवटी बुद्धी जिंकणार. शिकलेल्या प्रेक्षकाला असे वाटणे साहजिक आहे. सो हा आपल्यातलाच आहे. आणि नेमका तोच पुढे कोसळतो.

*

तो का कोसळतो हे नीट पाहिले पाहिजे. तो लाच खात नाही. त्याला बढतीची घाई नाही. चोसारखी मारण्याची चटकही त्याला नाही. तपासाच्या ओघात एका शाळेत त्याची एका मुलीशी ओळख होते. तिच्या पाठीला लागलेले असते आणि तो तेथे औषधाची एक पट्टी चिकटवून देतो. पुढे एका पावसाळी रात्री खून होतो. सो प्रेतावरचे कापड बाजूला करतो, आणि त्या पाठीवर तीच पट्टी असते.

त्या क्षणापासून सो याला पुराव्याची गरज उरत नाही. कारखान्यात कारकुनी करणारा एक तरुण त्याच्या संशयात आहे. हात मऊ आहेत. पाऊस पडणाऱ्या ज्या रात्री खून होतात त्या रात्री रेडिओवर एक ठराविक गाणे लागते, आणि त्या गाण्याची फर्माईश करणारा हाच आहे. तो गावात आला आणि खून सुरू झाले. सगळे जुळते, सिद्ध काहीच होत नाही. शरीरद्रव्याचा नमुना तपासणीसाठी अमेरिकेला पाठविला आहे, कारण त्या काळी ती सोय देशात नाही. सो त्या तरुणाला भर पावसात रेल्वेच्या बोगद्यापाशी फरफटत नेतो, मारतो, पिस्तूल रोखतो. तेवढ्यात पार्क अमेरिकेहून आलेला कागद घेऊन धावत येतो. नमुना जुळत नाही. आणि ज्याची कागदावर एवढी श्रद्धा होती तो सो म्हणतो की हा कागद खोटा आहे.

चो लाथा घालतो त्याची आपल्याला किळस येते. पार्क ठसे उमटवितो त्याचे हसू येते. परंतु सो पिस्तूल उचलतो तेव्हा, प्रामाणिकपणे सांगायचे तर, आपण त्याच्या बाजूचे असतो. निदान मी होतो. तो तरुण अपराधी असावा अशी माझी इच्छा होती. का? तर त्या मुलीसाठी. तिच्या मृत्यूचा काही तरी हिशेब लागावा म्हणून. म्हणजे ज्या भावनेला आपण माणसातली सर्वांत चांगली भावना म्हणतो, तीच येथे एका कदाचित निरपराध माणसावर पिस्तूल रोखीत आहे.

यातून मला जे कळले ते असे. निरपराध्यावर अन्याय तीन प्रकारांनी होतो. क्रौर्यामुळे होतो, तो चो. अहंकारामुळे होतो, तो पार्क. आणि करुणेमुळे होतो, तो सो. पहिले दोन आपल्याला ओळखता येतात आणि त्यांच्याविरुद्ध कायदे करता येतात. तिसरा ओळखता येत नाही, कारण तो करताना आपण चांगले आहोत असे वाटत असते. मृताविषयीचे दुःख जितके खोल, तितकी आपली खात्री पक्की होत जाते. वास्तविक या दोहोंचा परस्परांशी काही संबंध नाही. मला कोणाचे कितीही वाईट वाटले, तरी त्यामुळे तिला कोणी मारले ही माहिती मला तिळभरही अधिक होत नाही. परंतु मन हा हिशेब मानीत नाही. दुःख जेथे संपते तेथे आपण पुरावा संपला असे समजतो.

*

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. हे सगळे घरी बसून म्हणणे सोपे आहे. जिची मुलगी गेली त्या आईपुढे जाऊन म्हणून पाहा, 'ठाऊक नाही'. शिवाय पोलिसाचे कामच मुळी शोधून काढण्याचे. तो हात झटकून 'ठाऊक नाही' म्हणू लागला तर पुढच्या मुलीचे काय?

आक्षेप खरा आहे. आणि चित्रपटालाही तो ठाऊक आहे. ज्या काळात ही कथा घडते तो दक्षिण कोरियात लष्करी राजवटीच्या अखेरचा काळ. एके रात्री पाऊस लागलेला असताना फौजदार वरिष्ठांकडे जादा शिपाई मागतात. शिपाई नाहीत, ते निदर्शने मोडायला गेले आहेत. गावोगाव भोंगे वाजतात, सरावासाठी दिवे मालविले जातात, आणि त्या सरकारी अंधारात एक मुलगी मारली जाते. पहिल्या काही दिवसांत शेतातला पायाचा ठसा ट्रॅक्टरखाली चिरडून जातो. म्हणजे जे जाणता आले असते तेही हलगर्जीने गमावलेले आहे. असल्या माणसांनी 'ठाऊक नाही' म्हणणे ही पळवाटच होय.

म्हणून दोन प्रकारची 'ठाऊक नाही' वेगळी केली पाहिजेत. एक आळसाचे आणि एक कष्टाचे. पहिले शोध सुरू होण्यापूर्वी उच्चारले जाते, दुसरे शोधाच्या अंती. त्याच बोगद्यापाशी पार्क त्या तरुणाची मान धरतो आणि आयुष्यभर ज्या विद्येचा अभिमान वाहिला ती शेवटची पणाला लावतो. तो त्याच्या डोळ्यांत पाहतो. पावसाने ओला, रक्ताळलेला तो चेहरा. पार्क पुष्कळ वेळ पाहतो आणि कबूल करतो की मला काही कळत नाही. मग त्याला विचारतो, जेवतोस-खातोस ना वेळेवर? आणि जायला सांगतो.

जेवणाच्या त्या प्रश्नाचे अनेकांनी अनेक अर्थ लावले आहेत. मला तो अगदी साधा वाटतो. ज्याच्याविषयी आपल्याला काहीच ठाऊक नाही, त्याच्याविषयी एवढे तरी ठाऊक असते की तो माणूस आहे आणि त्याला भूक लागते. खात्री सुटल्याबरोबर समोरचा संशयित जातो आणि माणूस दिसू लागतो. पार्कचे सारे शहाणपण या पराभवात आहे. शिकलेला सो कागदापासून पिस्तुलापर्यंत गेला, आणि अडाणी पार्क पिस्तुलापासून या प्रश्नापर्यंत आला.

*

हा चित्रपट तयार झाला तेव्हा खुनी कोण हे जगाला ठाऊक नव्हते. 2019 साली ते कळले. जपून ठेवलेल्या वस्तूंची नव्या पद्धतीने तपासणी झाली आणि नमुने एका कैद्याशी जुळले. 1994 साली आपल्या मेव्हणीचा खून केल्याबद्दल तो जन्मठेप भोगीत होता. त्याने एकंदर चौदा खून कबूल केले. तपासाच्या काळात पोलिसांनी त्याचीही चौकशी करून त्याला सोडून दिले होते, कारण खुन्याचा रक्तगट 'ब' आहे असा समज करून घेतला होता आणि याचा 'ओ' होता. म्हणजे डोळेही चुकले आणि कागदही चुकले. कायद्याची मुदत 2006 सालीच संपली असल्याने ह्वासोंगच्या खुनांबद्दल त्याच्यावर खटलाही होऊ शकला नाही.

चित्रपटाच्या शेवटी 2003 साल येते. पार्कने नोकरी सोडून व्यापार धरला आहे. तो जाता जाता त्या जुन्या मोरीपाशी थांबतो. एक लहान मुलगी सांगते की मागे आणखी एक माणूस असाच वाकून पाहत होता. पूर्वी येथे आपण काही केले होते ते आठवले, असे म्हणत होता. दिसायला कसा होता? साधा. चारचौघांसारखा. तेव्हा पार्क वळून थेट प्रेक्षकांकडे पाहतो. खुनी चित्रपटगृहात बसला असेल तर त्याच्या नजरेला नजर मिळावी, अशी आपली कल्पना होती असे दिग्दर्शकाने सांगितले आहे. पुढे खऱ्या खुन्याने न्यायालयात सांगितले की हा चित्रपट आपण तुरुंगात पाहिला. विशेष असे काही वाटले नाही.

परंतु मला अधिक अस्वस्थ करते ती गोष्ट वेगळीच. दहा खुनांपैकी आठवा खून सप्टेंबर 1988 मधला. तेरा वर्षांची मुलगी, स्वतःच्या घरात, रात्री. हा खून मात्र उलगडला असे पोलिसांनी 1989 साली जाहीर केले. बावीस वर्षांचा एक कामगार धरला. लहानपणी पोलिओने त्याचा पाय अधू झाला होता. केसांच्या शास्त्रीय तपासणीचा हवाला देण्यात आला. मुख्य पुरावा त्याचा कबुलीजबाब. तो आपल्याला झोपू न देता घेतला, असे तो पुढे सतत सांगत राहिला. त्याला जन्मठेप झाली. त्याने वीस वर्षे तुरुंगात काढली आणि 2009 साली तो सुटला, पण सुटला तो खुनी म्हणूनच. 2019 साली खऱ्या खुन्याने इतर खुनांबरोबर आठवाही आपलाच म्हणून सांगितला. फेरसुनावणी झाली आणि 17 डिसेंबर 2020 रोजी न्यायालयाने त्याला निर्दोष ठरविले.

आता 2003 सालाकडे पुन्हा पाहा. पन्नास लाखांहून अधिक लोकांनी तो चित्रपट पाहिला. पार्क कॅमेऱ्यात पाहत होता आणि सारा देश त्या नजरेबरोबर खुन्याचा चेहरा शोधीत होता. त्या वेळी एक निरपराध माणूस चौदा वर्षे तुरुंगात बसलेला होता, आणि त्याचा चेहरा कोणीही शोधीत नव्हते. ज्या चित्रपटाने खोट्या कबुलीजबाबांची एवढी निर्भय थट्टा केली, त्याच्यातले सगळे संशयित शेवटी सुटतात. जो सुटला नाही तो चित्रपटात नाही. हा मी दिग्दर्शकाला दोष देत नाही. उलगडलेल्या खुनात कोणाला रस असतो? प्रश्न तेथे संपलेला असतो.

आणि हाच माझा मुद्दा आहे. जेथे 'आम्हांला ठाऊक आहे' म्हटले गेले तेथे शोध थांबला. खरा अपराधीही निसटला आणि निरपराधीही गाडला गेला. जेथे 'ठाऊक नाही' हे लाजिरवाणे उत्तर तसेच राहू दिले गेले, तेथे कपडे, धागे, नमुने कुठल्यातरी कोठारात पडून राहिले आणि तीस वर्षांनी बोलले. 'ठाऊक नाही' हे न्यायाचे दिवाळे नव्हे; ती न्यायाची ठेव आहे. त्या आईला सांगायचे तर एवढेच सांगता येईल की आम्ही तुमच्या मुलीसाठी कोणीतरी आणून उभा करणार नाही, कारण त्यामुळे तिला मारणाऱ्याला अभय मिळेल.

*

शंभर अपराधी सुटले तरी चालतील, पण एका निरपराध्याला शिक्षा होता कामा नये, हे वाक्य आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असते. ते आपण वक्तृत्वस्पर्धेत म्हणतो. वर्तमानपत्रात एखाद्या मुलीची बातमी वाचली की तेच आपण म्हणतो, हातात सापडला आहे ना, मग खटला कशाला? 1872 सालच्या पुराव्याच्या कायद्याने असे ठरविले की पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून धरायचा नाही. 2024 च्या जुलैपासून अमलात आलेल्या नव्या कायद्यातही ते तत्त्व कायम आहे. ज्यांनी ते कलम लिहिले त्यांना आपले पोलीस ठाऊक होते. परंतु कायद्यात असलेले ते कलम आपल्या मनात नाही. कबुली दिली म्हणजे केलेच असणार. न केलेले कोण कशाला कबूल करील?

या प्रश्नाचे उत्तर मला माहीत आहे. ते मला एका चौदा वर्षांच्या मुलाने दिले.

1979 साली मी एका तालुक्याच्या गावी शिक्षक होतो. नववीच्या वर्गाचे सहलीचे पैसे माझ्याकडे जमा होत. एके दिवशी टेबलाच्या खणातले पाकीट नाहीसे झाले. तीनशे चाळीस रुपये. त्या काळी ती लहान रक्कम नव्हती. मधल्या सुट्टीत एक मुलगा वर्गात एकटा होता. मामाकडे राहून शिकणारा, चार कोसांवरच्या वाडीतून येणारा, गप्प बसणारा. मी वर्गात विचारले तेव्हा त्याने मान खाली घातली. मला तेवढे पुरे झाले. मला माणसे ओळखता येतात असा माझाही समज होता.

शाळा सुटल्यावर मी त्याला शिक्षकांच्या खोलीत थांबवून घेतले. मी त्याच्यावर हात उगारला नाही, आवाजसुद्धा चढविला नाही. याचा मला पुढे कित्येक वर्षे अभिमान वाटे. मी समजावणीच्या सुरात तेच तेच विचारीत राहिलो. खरे सांग, मी कोणाला सांगणार नाही, हो म्हण आणि घरी जा. बाहेर अंधारत आले. साडेसहाच्या सुमारास तो म्हणाला, "हो सर, मीच घेतले." पैसे कुठे आहेत? हरवले. मी त्याला पाठीवर हात ठेवून घरी पाठविले. खरे बोलल्याबद्दल शाबासकीही दिली! माझा सहकारी मुख्याध्यापकांना म्हणाला, यांनी न मारता काढून घेतले. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला कळले होते. मी सांगितले नव्हते. पण मी लपविलेही नव्हते.

आठ दिवसांनी शिपायाने झाडण्यासाठी टेबल ओढले. पाकीट खणाच्या मागच्या फटीत अडकले होते. पैसे पुरते तीनशे चाळीस.

मी त्याला बोलावले आणि विचारले, "अरे, मग तू हो का म्हणालास?"

तो म्हणाला, "सर, शेवटची एस. टी. चुकली असती."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. मला वाटले, मी एवढा वेळ त्याच्याशी बोललो आणि माझ्या हाती लागली ती फक्त माझीच खात्री. त्याने मला माझे ऐकलेले परत केले आणि आपली गाडी गाठली. ह्वासोंगच्या त्या कामगाराला तीन रात्री झोप मिळाली नव्हती असे वाचले तेव्हा मला ही एस. टी. आठवली. दोहोंची तुलना करणे योग्य नाही हे मला समजते. एकाची वीस वर्षे गेली. परंतु अन्यायाचा कारखाना एकच आहे. लहान माणूस, बंद खोली, आणि समोर एक असा माणूस की ज्याला उत्तर आधीच ठाऊक आहे. त्या खोलीतून बाहेर पडण्याचे दार एकाच शब्दाने उघडते. तो शब्द कोणीही उच्चारील. तुम्ही आणि मीही उच्चारू.

मी मुख्याध्यापकांना पाकीट सापडल्याचे सांगितले. पैसे भरले, सहल गेली. तो मुलगा सहलीला आला नाही. वर्गाला मात्र मी काहीच सांगितले नाही. विषय पुन्हा उकरून काढू नये, त्यालाच वाईट वाटेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरी गोष्ट अशी की चाळीस मुलांसमोर 'मला ठाऊक नव्हते' असे म्हणणे मला जमले नाही. तो दहावीपर्यंत माझ्याच शाळेत होता, आणि त्याने माझ्या तासाला वर पाहिल्याचे मला आठवत नाही.

2020 सालच्या त्या डिसेंबरात कोरियातल्या न्यायाधीशांनी निकाल देताना न्यायसंस्थेच्या वतीने त्या माणसाची भर न्यायालयात क्षमा मागितली. वीस वर्षांपुढे ती क्षमा किती तोकडी! तरी ती मोठ्याने मागितली गेली, ज्या जागी त्याला खुनी म्हटले होते त्याच प्रकारच्या जागी, लोक ऐकत असताना. शिक्षा जेथे उच्चारली तेथेच चूकही उच्चारली पाहिजे, एवढे तरी त्या न्यायालयाला समजले होते.

त्या नववीतली मुले आता साठीच्या घरात असतील. त्यांतल्या कोणाच्या हाती हा अंक पडेल की नाही, सांगता येत नाही. तो वर्ग आता पुन्हा भरायचा नाही. म्हणून जे तेव्हा फळ्यासमोर उभे राहून सांगायला हवे होते ते येथे लिहितो. त्याने पैसे घेतले नव्हते. आणि मला काही एक ठाऊक नव्हते.